शिलाई, पार्लर, डबे, स्टॉल : स्वतःचं काम करणाऱ्या बायकांनी बाळंतपणाच्या पैशाची सोय कशी करायची

माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, इचलकरंजीत. 2023 ला मोठ्याच्या वेळी मी डिलिव्हरीच्या आदल्या दिवसापर्यंत मशीनवर बसलेली, कारण लग्नसराई होती, सात ब्लाउज हातात घेतलेले आणि अॅडव्हान्स पण घेतलेला, मग नाही कुणाला म्हणणार. बाळंतपणानंतर चाळीस दिवस पण झाले नव्हते आणि मी परत पायडलवर पाय ठेवला. टाके दुखत होते, पण दुकानाचं भाडं तर दर महिन्याला द्यायचंच. धाकटीच्या वेळी मात्र मी साडेतीन महिने घरी राहिले, व्यवस्थित. फरक काय होता, तर पहिल्या वेळी मला फारसं काही माहीत नव्हतं आणि दुसऱ्या वेळी कागद आणि पैसे दोन्ही आधीपासून तयार होते. तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या, बचत गटातल्या कितीतरी जणींचे फॉर्म मी सोबत बसून भरले, त्यातून जे कळलं ते सगळं इथे लिहिते.

पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यात क्लिअर करून घ्या. आपण जे टीव्हीवर ऐकतो ना, 26 आठवडे पगारी रजा, ती आपल्यासाठी नाही. तो 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यातला हक्क होता, 2017 ला त्यात बदल होऊन 12 आठवड्यांचे 26 झाले, 21 नोव्हेंबर 2025 पासून तोच हक्क सामाजिक सुरक्षा संहितेत आलाय, पण तो लागू होतो दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी नोकरी करणाऱ्या बाईला, आणि तिने आधीच्या बारा महिन्यांत किमान 80 दिवस काम केलेलं पाहिजे. आपल्याला मालकच नाही, मग रजा मागायची कुणाकडे आणि पगार देणार कोण. पण तुमच्यापैकी कुणी सकाळी एखाद्या शाळेत किंवा ऑफिसात नोकरी आणि संध्याकाळी घरी पार्लर असं करत असेल, तर आधी त्या नोकरीच्या ठिकाणी विचारा, कारण तिथला हक्क सगळ्यात मोठा आहे आणि पार्टटाइम आहे म्हणून तो आपोआप जात नाही.

आपल्यासारख्यांना रोख पैसे देणारी मुख्य योजना म्हणजे प्रधानमंत्री मातृवंदना. पहिल्या बाळाला 5000 रुपये, दोन हप्त्यांत. पहिला हप्ता 3000 चा, गरोदरपणाची नोंदणी आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झालेली असली की. दुसरा 2000 चा, बाळाच्या जन्माची नोंद झाली आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्या की. दुसरं बाळ मुलगी असेल तर एकदम 6000, एकाच हप्त्यात, जन्मानंतर. दुसरा मुलगा झाला तर नाही मिळत. दुसऱ्या बाळाचा हा नियम 1 एप्रिल 2022 नंतरच्या जन्मांना आहे.

आता पाच हजारात काय होतं असं म्हणणाऱ्या खूप भेटतात, मला पण तसंच वाटायचं. पण पाच हजार म्हणजे माझ्या दुकानाचं दीड महिन्याचं भाडं लाइटबिलासकट, ते मी का सोडू. आणि हे पैसे म्हणजे भीक नाही, मजुरी बुडते त्याची थोडी तरी भरपाई म्हणून ही योजनाच काढलेली आहे. त्यामुळे लाजायचं काही कारण नाही, मागून मिळवायचं.

पात्रतेचा भाग नीट वाचा, कारण इथेच बायका स्वतःहून मागे फिरतात, "आमचं पिवळं कार्ड नाही" म्हणून. पिवळं कार्ड हे एकच कारण नाही. खालच्यातलं कुठलंही एक असलं तरी चालतं : अनुसूचित जाती किंवा जमातीचा दाखला, 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड, अन्नसुरक्षा कायद्यात नाव असलेलं रेशनकार्ड, आयुष्मान भारत कार्ड, ई-श्रम कार्ड, मनरेगाचं जॉबकार्ड, किसान सन्मान निधी घेणारी शेतकरी बाई, किंवा मग कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांपेक्षा कमी असल्याचा दाखला. हे शेवटचं बघा, आठ लाख. आमच्यासारख्या शिलाईवाल्या, मेंदीवाल्या, डबेवाल्या, भाजीवाल्या बहुतेक सगळ्या यात बसतात. केशरी कार्डवाल्यांनी एक बघायचं, की आपलं नाव अन्नसुरक्षेत म्हणजे प्राधान्य कुटुंबात आहे का, सगळी केशरी कार्डं त्यात नसतात, रेशन दुकानदाराला विचारलं की तो सांगतो. नसेल तर उत्पन्नाचा दाखला काढायचा, तलाठ्याचा अहवाल घेऊन सेतूत किंवा आपले सरकार पोर्टलवरून तहसीलदारांचा दाखला निघतो. पण त्याला वेळ लागतो हां, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच टाका.

माझा सगळ्यांना आग्रह असतो तो ई-श्रम कार्डाचा. 16 ते 59 वयाची, पीएफ-ईएसआय (नोकरीतला भविष्य निधी आणि कामगार विमा) नसलेली, इन्कम टॅक्स न भरणारी कुणीही असंघटित कामगार बाई ते काढू शकते, फुकट, आधार आणि आधारला जोडलेला मोबाईल नंबर लागतो, बारा आकडी नंबर मिळतो. लगेच निघतं. कामाचा प्रकार विचारतात तिथे गृहिणी वगैरे सांगू नका, खरं काम सांगा, शिलाई, ब्युटीशियन, खाद्यपदार्थ विक्री जे असेल ते. आपण आपल्या कामाला काम म्हणायलाच शिकलेलो नाही, मी स्वतः पहिल्यांदा सेंटरवर "घरीच असते, थोडं शिवते" असं बोलले होते, आणि महिन्याला दीडशे ब्लाउज शिवत होते.

कामाचा क्रम असा ठेवा. पाळी चुकली, टेस्ट केली, की थांबू नका, आशाताईंना किंवा अंगणवाडीत सांगा आणि पहिल्या तीन महिन्यांतच नोंदणी करा. कुणाला सांगायचं नाही, नजर लागते, तीन महिने जाऊ देत, असं घरचे म्हणतात, सासूबाई माझ्याही म्हणाल्या होत्या. मी त्यांना सांगितलं की आत्या, गल्लीत सांगू नका पण आशाताईंना सांगू द्या, त्या काही पेढे वाटत नाहीत. नोंदणी झाली की माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं, ते पुस्तक जिवापाड जपायचं. त्यात शेवटच्या पाळीची तारीख लिहितात, ती घाईत अंदाजाने सांगू नका, कॅलेंडर बघून सांगा, कारण सगळे दिवस त्या तारखेपासून मोजतात. खाजगी डॉक्टरकडे दाखवत असाल तरी सरकारी नोंदणी करायचीच, दोन्ही चालतं, खाजगीतल्या तपासणीची नोंद पण त्या कार्डावर करून घ्या.

फॉर्म आशाताई किंवा अंगणवाडी सेविकांमार्फत जातो, नाहीतर पोर्टलवर स्वतः मोबाईल नंबर टाकून, ओटीपी घेऊन भरता येतो. मी म्हणेन ताईंकडूनच भरा, कारण नंतर काही अडकलं तर विचारायला माणूस पाहिजे. लागतं काय, तर तुमचं आधार, माता-बाल कार्ड, पात्रतेचा वरचा एक पुरावा, तुमच्या स्वतःच्या नावाचं बँक किंवा पोस्टाचं खातं. नवऱ्याचं आधार सक्तीचं नाही, म्हणजे एकटी राहणारी, सोडून दिलेली, विधवा कुणीही भरू शकते, कुणी नवऱ्याच्या आधारशिवाय होणारच नाही म्हणालं तर वरच्या सुपरवायझर मॅडमना विचारा. बाळ झाल्यापासून 270 दिवसांच्या आत अर्ज गेला पाहिजे, त्यामुळे डिलिव्हरी होऊन गेली म्हणून सोडून दिलेल्यांनी पण तारीख मोजून बघा. आणि एखादीचं दुर्दैवाने मध्येच पोट पडलं किंवा बाळ जगलं नाही, तर पुढच्या गरोदरपणात तिला नव्याने धरतात, हक्क संपत नाही. हे कुणी तिला सांगत नाही आणि ती बिचारी विचारत नाही.

आता सगळ्यात जास्त अडकतं ते बँकेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. मोठ्याच्या वेळी माझा पहिला हप्ता मंजूर झाल्याचा मेसेज आला आणि खात्यात काही नाही. पासबुक भरून आणलं, नाही. आशाताई म्हणाल्या पोर्टलवर पैसे गेलेले दिसतात. दोन महिने मी रोज बँकेत, तिथला माणूस म्हणायचा मॅडम तुमचं आधार लिंक आहे. शेवटी एका सेवा केंद्रातल्या पोराने आधारच्या साईटवर माझा नंबर टाकून बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधारला कुठल्या बँकेचं खातं जोडलंय ते, उघडून दाखवलं, तर तिथे भलत्याच बँकेचं नाव. बारावीला स्कॉलरशिपसाठी काढलेलं झीरो बॅलन्स खातं, माहेरच्या आडनावाचं, ज्याचं पासबुक पण माझ्याकडे नव्हतं. पैसे तिथे जाऊन बसलेले. माहेरी जाऊन, नाव बदलाचं गॅझेट आणि लग्नाचा दाखला दाखवून ते मिळाले, पण पोटात सात महिन्यांचं बाळ घेऊन एसटीने दोन फेऱ्या झाल्या.

तर समजून घ्या, खात्याला आधार लिंक असणं वेगळं आणि सरकारी पैसे येण्यासाठी आधारला खातं जोडलेलं असणं वेगळं. लिंक पाच खात्यांना असू शकतं, पण सरकारी पैसे एकाच खात्यात येतात, ज्याचं सीडिंग शेवटचं झालंय त्यात. फॉर्म भरायच्या आधी हे स्टेटस बघायचंच, फुकट दिसतं, दोन मिनिटं लागतात. चुकीची बँक असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार सीडिंगचा फॉर्म द्या आणि थोड्या दिवसांनी परत चेक करा. आणि आधारवर, खात्यावर, माता-बाल कार्डावर नाव एकसारखं ठेवा. लग्नानंतरचं नाव घ्यायचं तर सगळीकडे घ्या, माहेरचं ठेवायचं तर सगळीकडे माहेरचं, दोन्ही चालतं, अर्धं-अर्धं चालत नाही.

बाळ झालं की जन्माची नोंद 21 दिवसांत करा, तोपर्यंत फी नसते, महिन्यावर गेलं की परवानग्या आणि वर्षावर गेलं की फार मोठी यातायात. दवाखान्यात झालं असेल तर दवाखाना कळवतो, पण दाखला आपण जाऊन आणायचा असतो. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने या तिन्ही लसींच्या तारखा कार्डावर लिहून घ्या, साडेतीनची लस झाली की त्याच दिवशी दुसऱ्या हप्त्याचं आशाताईंना आठवण करा.

दवाखान्याचा खर्च हा वेगळा विषय, आणि खरं तर पैसे वाचतात ते इथेच जास्त. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली नॉर्मल आणि सिझेरियन दोन्ही फुकट आहे, औषधं, रक्त, तपासण्या, नॉर्मलला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण, घरून नेणं आणि घरी सोडणं सुद्धा, 102 ला फोन करायचा. बाळ आजारी पडलं तर वर्षभरापर्यंत त्याचे उपचार पण. कुणी बाहेरून औषध आणायला चिठ्ठी दिली तर शांतपणे विचारा, हे आत नाही का. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टर मोफत तपासणी करतात, काम करणाऱ्यांनी ही तारीख धरून ठेवा, त्या दिवशी अर्धा दिवस दुकान बंद हे गिऱ्हाइकांना आधीच सांगायचं. दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बायकांना सरकारी किंवा मान्यताप्राप्त दवाखान्यात डिलिव्हरी केल्यावर जननी सुरक्षा योजनेचे खेड्यात 700 आणि शहरात 600 मिळतात, ते मातृवंदनेपेक्षा वेगळे. अंगणवाडीतून गरोदरपणात आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घरी न्यायचा आहार मिळतो, तो पण घ्या, नाव असतं तुमचं.

नवरा एमआयडीसीत किंवा कुठे कंपनीत असेल आणि त्याचा ईएसआय कापत असतील, तर बायको म्हणून तुमची डिलिव्हरी ईएसआयच्या दवाखान्यात होते. कितीतरी जणींना पगारातून कापलेले पैसे दिसतात पण आपण त्यात आहोत हे माहीत नसतं. नवऱ्याच्या कार्डावर तुमचं नाव चढलंय का ते आज विचारा.

आणि घरात कुणी बांधकामाच्या लाइनला असेल, गवंडी, सेंट्रिंग, फरशी, रंगकाम, तर हे सोडूच नका. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडून नोंदीत कामगार बाईला किंवा नोंदीत कामगाराच्या बायकोला नॉर्मलला 15,000 आणि सिझेरियनला 20,000 मिळतात, पहिल्या दोन बाळांसाठी. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि नोंदणी चालू असायला लागते, दरवर्षी नूतनीकरण केलेलं. नोंदणीची फी एक रुपया आहे, एजंट हजार-दीड हजार मागतात, देऊ नका. आमच्या गटातल्या एकीचा नवरा रंगारी, कार्ड काढून तीन वर्षं कपाटात, नूतनीकरण केलेलं नाही, वीस हजार गेले. मला अजून वाईट वाटतं.

मुलगी झाली आणि पिवळं किंवा केशरी कार्ड असून उत्पन्न एक लाखाच्या आत असेल, तर लेक लाडकी योजनेत जन्मल्यावर 5000 आणि पुढे टप्प्याटप्प्याने अठराव्या वर्षापर्यंत मिळून एक लाख एक हजार आहेत, 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेल्या मुलींना, फॉर्म अंगणवाडीतच.

अॅपवरून पार्लरची किंवा डिलिव्हरीची कामं घेणाऱ्या मुलींसाठी थोडं. सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, त्यात असंघटित, स्वयंरोजगार करणाऱ्या आणि अॅपवर काम करणाऱ्यांसाठी आरोग्य आणि मातृत्वाच्या योजना करायची तरतूद आहे, अॅप कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के त्यासाठी द्यायचे आहेत. त्यासाठी तुमची नोंद असायला पाहिजे, म्हणून परत तेच सांगते, ई-श्रम.

आता जे सरकार देत नाही त्याचं. मातृवंदनेचे पाच हजार आले तरी बुडालेली कमाई कोण देणार. हा हिशोब मी दुसऱ्या वेळी वहीत मांडला होता तो तसाच देते. माझ्या हातात सगळा खर्च जाऊन महिना 12,000 राहायचे. चार महिने बंद म्हणजे 48,000. दुकानाचं भाडं 3,000, बंद असलं तरी द्यायचं, चार महिन्यांचे 12,000. झाले साठ हजार. एवढे एकदम कुठून आणायचे, पण मी दर ब्लाउजमागे वीस रुपये वाढवले आणि ते वीस रुपये त्याच दिवशी वेगळ्या डब्यात टाकले. महिन्याचे दीडशे ब्लाउज, तीन हजार, ते बँकेत आरडीला, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायच्या खात्यात. अठरा महिन्यांत 54,000 आणि वर व्याज. गिऱ्हाइकं तुटली का, तर दोघी-तिघी कुरकुरल्या, गेली कुणी नाही. नोकरीवाल्या बाईच्या पगारात तिची रजा धरलेली असते, तशी आपल्या मजुरीत आपली रजा आपणच धरायची. पार्लरवाली असाल तर फेशियलमागे तीस, डबेवाली असाल तर डब्यामागे पाच, पण चान्स घ्यायचा विचार सुरू झाला की त्या महिन्यापासून. आधीच दिवस गेलेले असतील तर उरलेल्या महिन्यांत जेवढं जमेल तेवढं, दोन महिन्यांची सोय झाली तरी टाके भरेपर्यंत तरी घरी राहाल.

मेडिक्लेम काढून ठेवा म्हणणारे भेटतील. त्यात मॅटर्निटी असेल तर वेटिंग पीरियड असतो, कुठे नऊ महिने, कुठे दोन तर कुठे चार वर्षं, आणि दिवस गेल्यावर काढलेल्या पॉलिसीत ती डिलिव्हरी धरत नाहीत. शिवाय तो दवाखान्याचा खर्च देतो, बुडालेली मजुरी नाही. लग्न झाल्या झाल्या घेणार असाल तर ठीक, नाहीतर तो हप्ता आरडीत टाका असं माझं मत.

बचत गटाचं किंवा मुद्राचं कर्ज चालू असेल तर हप्ता थकल्यावर नाही, सातव्या महिन्यातच गटाच्या मीटिंगमध्ये आणि बँकेत सांगा. मी तीन हप्त्यांचे पैसे खात्यात आधीच ठेवले होते. आमच्या गटाने एकीला तीन महिने फक्त व्याज भरायची मुभा दिली, ठरावात लिहून. तोंडी ठरवू नका, ठरावात लिहा.

आणि गिऱ्हाइकं जातील ही भीती, तीच आपल्याला मशीनवर बसवून ठेवते. मी आठव्या महिन्यात नवीन काम घेणं बंद केलं, दुकानाला पाटी लावली, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत बंद, आणि व्हॉट्सअॅपला सगळ्यांना टाकलं. पलीकडच्या गल्लीतल्या शिलाईवाल्या वहिनींशी बोलून माझी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे पाठवली, मापाची वही पण दिली, ठरलं असं की त्यांच्या वेळी मी त्यांची घेणार. पिको-फॉल तेवढं नणंदेने चालू ठेवलं, त्यात भाडं निघालं. परत उघडलं तेव्हा वहिनींनी वही परत आणून दिली, तीत चौघींची मापं नवीन लिहिलेली होती. आता त्यांना पाचवा महिना लागलाय, मागच्या सोमवारी आम्ही दोघी त्यांच्या आधारचं सीडिंग बघून आलो, बँक बरोबर निघाली, उत्पन्नाचा दाखला तेवढा तलाठ्याकडे अडकलाय, उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी परत जायचंय.